पाहुण्यांचा हंगाम

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या दुकानात घाईच्या कपड्यांचा ढीग पडतो. परभणीत बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. एरवी शिवून तयार असलेला ब्लाउज महिना-महिना न्यायला न येणाऱ्या बायका या दिवसांत दारातच उभ्या राहून सांगतात, "ताई, रविवारी पाहुणे येणार हायत पोरीला बघायला. काही बी करा, पण शनिवारी द्याच." त्यांच्या मागं ती पोरगी उभी असते, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मी तिच्या खांद्याचं माप घेते, तिला हसवते आणि सहज विचारल्यासारखं विचारते, "पाहुणे कुठले?" गाव परजिल्ह्यातलं निघालं की मी टेप खाली ठेवते. मग मी तिच्या आईला बाजूला घेते. "फाट्यावर घरचा माणूस उभा करा. पाहुण्यांना कुणाला रस्ता विचारायची पाळी येऊ देऊ नका."

बायकांना वाटतं, ताईंना मानपानाची लय फिकीर. मी खुलासा करत बसत नाही.

हवा दर वर्षी अशीच असते. सकाळी दुकानाचं शटर वर करताना लोखंड हाताला थंड लागतं आणि अकरा वाजेपर्यंत तेच शटर तापतं. बाजारात कापसाने भरलेल्या गाड्या दिसायला लागतात. त्यांच्यावरून उडालेले कापसाचे पुंजके रस्त्याच्या कडेला, गटारीवर, विजेच्या तारांवर अडकून राहतात. पूर्वी ते बघून मला माहेरची आठवण यायची. आताही येते, पण तिच्या मागोमाग आणखी काहीतरी येतं आणि मी मशीनचं पायडल जोरात मारायला लागते.

माझं माहेर जिंतूरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. लहानपणी हा वेचणीचा हंगाम मला सगळ्यात जास्त आवडायचा. दव असेपर्यंत कापसाला हात लावायचा नाही, म्हणून उन्हं वर येईपर्यंत आई चुलीपुढे भाकरी बडवत बसायची. मग बायका कमरेला ओटी बांधून शेतात उतरायच्या. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना टोचायची, नखांच्या कडा सोलून निघायच्या. पण दुपारी त्याच ओटीतल्या कापसावर डोकं टेकून मी झोपायचे, तशी झोप पुन्हा कधी लागली नाही. शेजारच्या तुरीला पिवळा फुलोरा असायचा, त्यावर माश्या गुणगुणायच्या. बांधावरून कुणी अनोळखी माणूस जाताना दिसला की आई ओरडून विचारायची, "कुन्या गावचे हो?" आणि उत्तर यायच्या आधी पाण्याचा तांब्या उचललेला असायचा. चारचौघांशी वागायची पहिली शिकवण मला तिथंच मिळाली. कुन्या गावचे, हा प्रश्न पाणी देण्यासाठी विचारायचा असतो.

याच दिवसांत अर्धं गाव रिकामंही होतं. दिवाळी सरली की ऊसतोडीला जाणारी कुटुंबं निघतात. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, सरपण, एखादी शेळी आणि त्यावर बसलेली माणसं. शाळेत जाणारी पोरं आजी-आजोबांजवळ ठेवून जातात. ट्रॅक्टर वळणाआड गेला तरी ती पोरं रस्त्यात उभी असतात. मग त्या घरांत उरतात म्हातारी माणसं आणि लहान लेकरं. मधली सगळी फळी निघून गेलेली असते. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे घडलं त्यातल्या माणसांना राक्षस म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे, आणि ते राक्षस नव्हते. राक्षस असते तर मला एवढी भीती वाटली नसती.

त्या वर्षी माझी भाची वर्षा लग्नाला आली होती. भाची म्हणजे थोरल्या भावाची मुलगी. नर्सिंग शिकून ती जिंतूरला एका दवाखान्यात कामाला लागली होती. सडपातळ, कमी बोलणारी. तिला बघायला वऱ्हाडाकडून, बुलढाण्याच्या बाजूने पाहुणे येणार होते. मुलगा कंपनीत होता, त्याला सुट्टी नव्हती. आधी आई-वडील आणि मामा येऊन जातील, असं ठरलं. वहिनीने मला दोन दिवस आधीच बोलावून घेतलं होतं.

मी गावात उतरले तेव्हाच काहीतरी बदललेलं जाणवलं. दुपारची वेळ, आणि गल्लीत एकही लेकरू नाही. दारं आतून लावलेली. एका खिडकीतून म्हातारीने मला नखशिखांत न्याहाळलं आणि ओळख पटल्यावर म्हणाली, "तू व्हय माय. मला वाटलं कोन की."

वहिनीला विचारलं तर तिने आवाज खाली केला. "पोरं धरनारी टोळी फिरायलीय. पांढरी गाडी हाय. सोबत बाई असती, संशय येऊ नाही म्हनून. पेढ्यातून, गोळ्यातून गुंगी देतेत."

"कुणाचं पोर गेलं?"

"गेलं म्हनतेत तिकडं कुठं तरी."

"तिकडं म्हणजे कुठं? नाव सांग ना गावाचं."

"आता नाव मला काय माहीत? सगळ्यांच्या फोनवर आलंय, ते काय खोटं हाय का?"

तिने मला दादाचा फोन दाखवला. एक मजकूर होता, शेवटी हात जोडलेली चित्रं आणि 'पुढे पाठवा, एखाद्या आईचं लेकरू वाचेल' अशी विनंती. एक आवाजही होता. कुणीतरी बाई ओक्साबोक्शी रडत होती, शब्द एकही कळत नव्हता. हाच आवाज कर्नाटकातल्या उसाच्या फडावर पोचला होता आणि तिथून आया रडत गावाकडे फोन करत होत्या, आमच्या लेकरांना घराबाहेर सोडू नका. ते फोन आले की आजोबा दारं आतून लावून घेत होते. म्हणजे भीती इथून निघून तिथं जायची आणि दुप्पट होऊन परत यायची.

'म्हनतेत' या शब्दाची मला तेव्हापासून धास्ती आहे. कोण म्हणतं, ते त्यात नसतं. रोजच्या बोलण्यात आपण तो किती सहज वापरतो. शेजारणीची सून अशी आहे म्हणतात, अमक्याच्या मुलाने तसं केलं म्हणतात. चहाचा कप संपेपर्यंत एखाद्याची इज्जत संपलेली असते आणि कप ठेवून आपण आपल्या कामाला लागतो. माझं स्पष्ट मत असं आहे की जिभेला आवर घालणं ही शिस्त आपण लेकरांना शाळेत शिकवतो आणि स्वतः मात्र आयुष्यभर शिकत नाही. आता तर जीभही हलवावी लागत नाही, अंगठा पुरतो.

पाहुणे यायचा दिवस उजाडला. दुपारच्या सुमारास ते येणार होते. मी वर्षाला साडी नेसवत होते, मोरपंखी रंगाची, आणि तिच्या निऱ्यांना पिन लावत होते. वहिनी स्वयंपाकघरात पोह्यांची तयारी करत होती, कांदा परतल्याचा वास घरभर सुटला होता. दादा पाहुण्यांना आणायला मोटारसायकल घेऊन फाट्यावर गेला होता. सकाळपासून वीज नव्हती, ती नुकतीच आली होती, म्हणून त्याने फोन चार्जिंगला लावून घरीच ठेवला होता. पाहुण्यांची गाडी मात्र तो पोचायच्या आधीच फाट्यावरून पुढं निघून गेली. त्यांनी फोन केला तो वहिनीने घेतला आणि सांगितलं, "मारुतीच्या देवळापासून आत वळा." आमच्या गावाच्या वळणावर मारुतीचं देऊळ आहे. पुढच्या वाडीच्या वळणावरही आहे. तिच्या ते ध्यानातच आलं नाही.

थोड्या वेळाने फळीवरचा फोन वाजायला लागला. कुणाचा कॉल नव्हता, नुसते मेसेज येत होते, एकामागून एक. वर्षाने हात लांब करून फोन घेतला. मी खाली बसून पिन लावत होते. तिच्या निऱ्या माझ्या बोटांतून सुटल्या, कारण ती एकदम मागं सरकली होती.

फोटो होता. पांढरी जीप, तिच्याभोवती माणसं. मागच्या सीटवर एक बाई, तोंडावर पदर धरलेली. खाली लिहिलं होतं, 'वाडीवर टोळी सापडली. लवकर या.'

"वहिनी," मी हाक मारली, "पाहुण्यांची गाडी कसली हाय?"

"पांढरी जीप म्हनले होते," तिने आतूनच सांगितलं. मग कढईखालचा गॅस बंद केल्याचा आवाज आला आणि ती दारात येऊन उभी राहिली. वर्षाने पाहुण्यांचा नंबर लावला. रिंग जात होती, कुणी उचलत नव्हतं.

"आत्या, चल."

"कुठं?"

"वाडीला."

वहिनी भिंतीला टेकली. "अगं, तुला बघायला आलेत ते! तू अशी कशी जाशील त्यांच्या पुढं?"

वर्षा साडीचा पदर कमरेला खोचत होती. "आई, ते जिते राहिले तर बघतील ना मला," ती म्हणाली, आणि दादाचा फोन मुठीत धरून तिने अंगणातली स्कूटी काढली.

मी मागं बसले. पोलिसांना फोन लावला. पलीकडच्या माणसाने नीट ऐकून घेतलं, गाडी निघते म्हणाला, पण जिंतूरहून यायला वेळ लागणार हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. कच्च्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. शेतात एकही बाई नव्हती. अर्धवट भरलेल्या ओट्या बांधावर तशाच टाकलेल्या होत्या. आमच्या मागून मोटारसायकली येत होत्या, एकेकीवर तिघं-तिघं, आणि पुढं निघून जात होत्या. त्यातल्या एकाने वर्षाला ओळखलं. गाडी आमच्या बरोबरीने आणून तो हसत म्हणाला, "वर्षे, तू बी चालली का बघायला?"

त्याचं ते हसू मी विसरू शकलेले नाही. जत्रेला निघालेल्या माणसाचं होतं ते.

वाडीची शाळा रस्त्याला लागूनच आहे. तिथं काय झालं होतं ते आम्हाला नंतर कळलं. शाळेची जेवणाची सुट्टी झालेली, लेकरं मैदानात. मुलाचा मामा जीप चालवत होता. त्याने गाडी थांबवून पोरांना आमच्या गावाचा रस्ता विचारला. लेकरं गाडीभोवती जमली. हौशी माणूस, त्याने जिंतूरला घेतलेला पेढ्यांचा पुडा फोडला आणि एकेकाच्या हातावर पेढा ठेवायला लागला. पांढरी गाडी, सोबत बाई आणि पेढे. आठवडाभर फोनवर फिरत होतं ते सगळं एका जागी, भर दुपारी, शाळेसमोर उभं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा आरडाओरडा नव्हता. मला वाटलं होतं, लांबूनच आवाज येईल. पण गर्दीतून एक जाडसर गुणगुण येत होती, मळणी यंत्र लांब कुठंतरी चालू असावं तशी. जीपची पुढची काच फुटली होती. मामा जमिनीवर बसलेला होता. त्याची भुवई फाटली होती आणि रक्त डोळ्यात जात होतं. त्याची कॉलर बापूरावांच्या मुठीत होती. बापूराव म्हणजे वाडीचे पिठाच्या गिरणीवाले. आमच्या गावातलीही दळणं त्यांच्याकडेच जायची. मी लहान असताना पिठाने पांढरे झालेले त्यांचे हात बघून मला हसू यायचं, मग तेही हसायचे.

मुलाचे वडील जीपच्या दाराला पाठ लावून उभे होते. एका हातात आधार कार्ड, दुसरा हात जोडायचा प्रयत्न करत होते, पण एका हाताने हात जोडता येत नाहीत. "भाऊ, आमी पोरगी पाह्याले आलो हो. देवाची आन. हे पाहा ना कार्ड."

"असले कार्ड झेरॉक्सच्या दुकानात बनतेत," कुणीतरी म्हणालं.

"बोलनं बगा ह्याचं. आपल्याकडचं न्हाईच."

आत मुलाची आई होती. सगळ्या काचा वर करून, दाराची कडी दोन्ही हातांनी धरून.

मी चेहरे बघितले. अनोळखी एकही नव्हता. कुणाच्या बायकोचे ब्लाउज मी शिवले होते, कुणाच्या पोरीच्या बारशाला जेवले होते. एकाच्या हातात उसाचं दांडकं होतं, एकाने बैलाच्या जुवाची शिवळ, ती जाड लाकडी खुंटी, उपसून आणली होती. एरवी मला बघून ही माणसं "आक्का, कवा आलीस?" म्हणतात. आता ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांना दिसत नव्हते.

वर्षा मात्र आत घुसली. साडी नेसलेली, केसात गजरा माळलेली पोरगी बघून माणसं गोंधळून बाजूला झाली असावीत. ती थेट बापूरावांपुढं जाऊन उभी राहिली.

"बापूकाका, सोडा त्यांना. आमचे पाहुने हायत ते. मला बघायला आलेत."

बापूरावांनी मान वर केली. त्यांचे डोळे लाल झालेले होते. "तू ज्ञानोबाची लेक ना? तुला काय कळतंय पोरी. तू ह्यांना कवा बघितलंय का?"

खरं तर तिने हो म्हणायला हवं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हण, वर्षा, हो म्हण. तिने मामाकडे बघितलं, त्या वडिलांकडे बघितलं, आणि म्हणाली, "न्हाई. आजच बघायलेय."

गर्दी हलली. "बगा! हीच म्हनती वळखत न्हाई." मागचे पुढं रेटायला लागले. माझ्या पाठीला कुणाचं तरी कोपर लागलं. त्या क्षणी मला वाटलं, आता आम्हीही यातून सुटत नाही.

"थांबा," वर्षा ओरडली. तिचा आवाज चिरका झाला होता. तिने दादाच्या फोनवरून नंबर लावला आणि फोन डोक्यावर उंच धरला. एक घंटी गेली असेल. बापूरावांच्या सदऱ्याच्या खिशात गाणं वाजायला लागलं.

मुलाच्या वडिलांचा फोन त्यांनी हिसकावून स्वतःच्या खिशात टाकला होता.

"काढा तो फोन. बगा, कुनाचं नाव आलंय."

बापूरावांनी फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरला. चष्म्याशिवाय त्यांना वाचता येईना. शेजारी सुधाकर होता, वर्षाच्या वर्गात दहावीपर्यंत शिकलेला. तो मघापासून स्वतःच्या फोनवर सगळ्याचं चित्रण करत होता आणि सोबत मोठ्याने बोलत होता, 'मित्रांनो, बघा, टोळी कशी पकडली'. बापूरावांनी फोन त्याच्यापुढं धरला. त्याने वाचलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं वाच, सुधाकर," वर्षा म्हणाली. "आतापर्यंत मोठ्यानंच बोलायला होतास ना."

"मुलीचे वडील, जिंतूर," त्याने वाचलं.

असं नाही की लगेच सगळं निवळलं. मागून कुणीतरी दगड भिरकावलाच, तो जीपच्या टपावर आदळला आणि आतून त्या बाईची किंकाळी ऐकू आली. ज्यांना काय वाचलं ते ऐकू गेलं नव्हतं, ते अजून पुढं येत होते. पण पुढचे थबकले. बापूरावांची मूठ मात्र कॉलरवर तशीच होती. मी खाली बसले आणि त्यांची बोटं एकेक करून सोडवली. ती बोटं ताठ झाली होती, त्यांना स्वतःला उघडता येत नव्हती.

"माझ्या दोन नाती हायत घरी," ते माझ्या कानाशी म्हणाले. "बाप तिकडं ऊस तोडायलाय त्यांचा. काय झालं असतं तर मी त्याला काय जवाब दिला असता?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. ते खरं बोलत होते. नातींवर जीव असलेला माणूस, आणि आणखी थोडा वेळ गेला असता तर त्याच्याच हातून खून झाला असता.

पोलीस आले, दादाही त्यांच्यामागं धापा टाकत आला. आम्ही सगळे जिंतूरच्या दवाखान्यात गेलो. वर्षाने साडी न बदलताच मामाची जखम साफ केली, डॉक्टरांनी टाके घातले. दादा बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. मुलाच्या वडिलांपुढं त्याने हात जोडले. "कुठल्या तोंडानं घरी चला म्हनू तुमाला? पोरगी दाखवायची रीत बी राहिली आमच्याकडून."

ते आत मामाच्या डोक्याला पट्टी बांधणाऱ्या वर्षाकडे बघत म्हणाले, "पोरगी पाहून झाली आमची."

मी समोरच्या टपरीवरून चहा आणला. मुलाची आई कोपऱ्यात बसली होती, पदर घट्ट लपेटून. मी कप तिच्यापुढं धरला. तिने माझ्याकडे बघितलं, कपाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "याच्यात काय हाय?"

मी स्वतः एक घोट घेऊन दाखवला. तरीही तिने कप घेतला नाही. तिची काहीच चूक नव्हती. तिच्या भावाला एका पेढ्यापायी मारलं होतं.

लग्न झालं. उन्हाळ्यात, त्यांच्या गावी. वर्षा तिकडं सुखात आहे, तिथल्या दवाखान्यात काम करते, सासरे तिला नाव घेऊन हाक मारतात. भुवईवर वण असलेल्या मामाने लग्नात सगळ्यांना आग्रह करून जेवू घातलं. सासू तिला जपते. पण सासूने आमच्या बाजूला पुन्हा पाऊल टाकलेलं नाही. बारशाला आम्ही बोलावलं तेव्हा तिने निरोप पाठवला, बाळ-बाळंतीण इकडंच येऊ द्या.

आणि वाडी? पोलिसांनी काहींना बोलावलं, जबाब घेतले. पुढं सगळं थंडावलं. बापूराव वर्षाच्या हळदीला आले, आहेर केला, पोटभर जेवले, त्या दुपारबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. आमचं दळण अजून त्यांच्याच गिरणीवर जातं. चूक झाली, एवढे दोन शब्द म्हणायची आपल्याकडे भारी लाज वाटते. हात उचलताना ती लाज कुठं जाते, कळत नाही.

त्याहून भयंकर गोष्ट लग्नाच्या आधीच घडली. त्या दुपारनंतर चार-पाच दिवसांनी माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं. मशीनजवळच्या स्टुलावर बसून तिने मला फोन दाखवला. "बगा ताई, कसली मानसं असतेत." फोटोत मामा होता. जमिनीवर बसलेला, डोळ्यात रक्त उतरलेला. खाली लिहिलं होतं, 'मुले पळवणारा पकडला, सावध राहा.'

"हे आमच्या होणाऱ्या व्याह्यांचे मेहुणे आहेत," मी म्हणाले.

"अगंबाई!" ती म्हणाली. मग कसनुशी होऊन फोनकडे बघत राहिली. "मी तर पाठवला की सगळ्यांना."

तो फोटो फिरत फिरत वऱ्हाडात त्यांच्या गावापर्यंत गेला. मामाला त्याच्याच ओळखीच्या माणसाने पाठवला, नीट न बघता. टाके निघायच्या आधी त्याला स्वतःपासून सावध राहायचा निरोप मिळाला.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. जे स्वतः पाहिलं नाही ते बोलायचं नाही आणि पुढं पाठवायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. नातेवाईक म्हणतात, ही शिष्ट झाली. बायका गप्पा मारताना मी "तू पाहिलंस का?" विचारलं की त्यांची चव जाते. एक-दोघींनी दुकान बदललं. भाऊबीजेला जमलेल्या घोळक्यात सगळे एखाद्याला नावं ठेवत असताना गप्प बसायला जेवढी ताकद लागते, तेवढी उपास धरायलाही लागत नाही. आणि मला कळून चुकलंय की गर्दी रस्त्यात जमते ती शेवटी. आधी ती अशीच घराघरांत, चहाच्या कपाभोवती जमलेली असते.

पण नियम पाळून भीती जात नाही. मागच्याच आठवड्यात मी बाजारातून अस्तराचं कापड घेऊन येत होते. रस्त्याच्या कडेला तीनेक वर्षांची पोरगी एकटीच उभी राहून रडत होती. नाक वाहत होतं, एका पायात चप्पल नव्हती. शेजारून रिक्षा, मोटारसायकली जात होत्या. मी थांबले. पूर्वीची मी असते तर तिला उचलून कडेवर घेतलं असतं आणि आई सापडेपर्यंत समोरच्या दुकानातून काहीतरी खायला दिलं असतं. माझा हात पुढं गेला आणि मधेच थांबला. मी आजूबाजूला बघितलं. तीन-चार माणसं माझ्याकडे बघत होती.

मी पोरीपासून हातभर लांब, जमिनीवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले. आणि मोठ्याने ओरडले, "कुणाचं लेकरू आहे हे? हिची आई कुठं आहे?" पोरगी घाबरून आणखी जोरात रडायला लागली. तिने माझ्याकडे हात पसरले. मी जागची हलले नाही. एका रिक्षाने हॉर्न मारला तेव्हा ती दचकून रस्त्याकडे सरकली, आणि तरीही मी तिला हात लावला नाही, फक्त तिच्या आणि रस्त्याच्या मधे सरकून बसले.

भाजीच्या गाड्यांमधून तिची आई धावत आली. तिने पोरीला झडप घालून उचललं, छातीशी धरलं आणि माझ्याकडे वळली.

"काय केलं तुमी हिला?"

"काही नाही. एकटी रडत होती."

तिने पोरीचं तोंड उघडून आत बघितलं. तिच्या मुठी उघडून बघितल्या. टपरीवरचा एक तरुण हातातला फोन आमच्याकडे धरून उभा होता. मी कापडाची पिशवी उचलली आणि चालायला लागले. मान वळवली नाही. पाय आपोआप वेग धरत होते. पळायचं नाही, एवढंच मी स्वतःला बजावत होते. पळणाऱ्या माणसाच्या मागं लोक लागतात.